घरटी एक हात

मोठ्या बाई सुताराच्या छपरापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुतार रंधा मारत होता आणि त्याची बायको फळीचं दुसरं टोक गुडघ्याखाली दाबून बसली होती. ऊन असं की डोक्यावरचा पत्रा मधूनच कडकन वाजायचा. भुसा घामाला चिकटून दोघांचेही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका. आधीचे गुरुजी आले की खुशाल ओंडक्यावर बसायचे आणि चहा झाल्याशिवाय उठायचे नाहीत. बाई मात्र उभ्याच राहिल्या.

काम साधं होतं. रविवारी शाळेत गावाची सभा होती, मुलांच्या पुढच्या शिक्षणाबद्दल. शहरातून साहेब येणार होते. त्याआधी दोन्ही वर्गांतली बाकं सोडवून बाहेर अंगणात मांडायची होती. बाकं सुताराच्या बापाने केलेली. पोरं ढकलाढकली करतात म्हणून म्हाताऱ्याने ती जमिनीतल्या लोखंडी पट्ट्यांना बोल्ट मारून जखडून टाकली होती. तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण बाकं जागची हलली नव्हती.

सुतार म्हणाला, होईल की. बायको गप्प बसणारी नव्हती.

"लोक खालीही बसतील बाई. सतरंज्या टाकल्या की झालं."

"वर्ग रिकामे दिसायला हवेत," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या आणि लगेच ओठ मिटले, जणू जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून निसटलं.

झालं, सुतारणीच्या मनात पाल चुकचुकली. ती चुकचुकायला तसं फार काही लागत नसे म्हणा. गावात तिला पारखीण म्हणत. मडकं घ्यायचं तर ती आधी टिचक्या मारणार, मग कानाला लावणार, मग कुंभाराकडे असं बघणार की त्यालाच आपल्या मडक्याची शंका यावी. नवऱ्याच्या बाबतीतही तिने लग्नाआधी त्याच्या गावात माणूस पाठवून तो खरंच सुतार आहे का, याची चौकशी केली होती. सुतार हे हसत सांगायचा. ती हसत नसे. चौकशी केली म्हणूनच हा बरा निघाला, असं तिचं पक्कं मत होतं.

पण या वेळी नुसत्या स्वभावाचा प्रश्न नव्हता. तिची एकुलती एक पोरगी सहावीत होती. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा खडीच्या खाणीपलीकडे, आणि त्या रस्त्याने दिवसभर ट्रक धावत. गावातली एकही मुलगी अजून तिकडे गेली नव्हती. पारखीण स्वतः चौथीत थांबली, कारण तिच्या माहेरी शाळाच चौथीपर्यंत होती. वर्ग संपला त्या दिवशी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बापाने हातात विळा दिला, तेवढाच काय तो निरोपसमारंभ. पोरगी मात्र डोक्याने तिखट होती. तिने आयुष्यभर कोणाच्या तरी फळीचं दुसरं टोक धरून बसू नये, एवढं एकच पारखिणीला हवं होतं. त्यासाठी ती कोणाशीही भांडली असती.

दुसऱ्या दिवशी नवराबायको शाळेत गेले. बोल्ट गंजून पट्टीशी एकजीव झाले होते. सुतार रॉकेल सोडायचा, थांबायचा, मग पाना लावून अंगाचा सगळा भार टाकायचा. पाना सटकला की बोटांची सालपटं निघायची. पारखीण खाली आडवी होऊन बाक उचलून धरायची, म्हणजे बोल्टावरचा ताण सुटावा. जमिनीवर गाल टेकवून पडल्यावर तिला पोरांनी फळीच्या खालून चिकटवलेली घाण दिसे, खरवडलेली चित्रं दिसत, आणि पलीकडे मोठ्या बाईंच्या चपला दिसत.

त्या चपला भिंतीच्या कडेकडेने चालल्या होत्या. पारखिणीने मान वाकडी केली. बाई टेप घेऊन वर्ग मोजत होत्या. आधी लांबी, मग रुंदी, मग दरवाजा. खिडकीपाशी थांबून त्यांनी बाहेरची मोकळी जागाही नजरेने मापली.

"काय मोजताय बाई?"

"काही नाही. जागेचा अंदाज."

"कशाला लागतोय अंदाज?"

बाईंनी टेप गुंडाळला. रविवारी कळेलच, म्हणाल्या. मग जरा खाली वाकून, आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही मात्र नक्की या. साहेब विचारतील तेव्हा हो म्हणा. तुमच्या मुलीच्या भल्याचं आहे."

आता मला सांगा, असं कोणी आपल्याला म्हणालं तर आपण काय समजायचं? काय विचारणार ते सांगायचं नाही, पण उत्तर मात्र आधीच ठरवून द्यायचं. पारखीण उठून बसली आणि तिने केसातली धूळ झटकली. बाई गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, इथे पाणी मुरतंय. सुतार म्हणाला, मग सरळ विचार ना त्यांना. ती म्हणाली, विचारलंच की, ताकास तूर लागू देत नाहीत.

संध्याकाळी नळावर तिने सगळं सांगितलं. नळाला पाणी बारीक येत होतं, त्यामुळे ऐकायला सगळ्यांनाच वेळ होता. बाकं सोडवली, वर्ग मोजले, रिकामे दिसायला हवेत म्हणाल्या. तिने पदरचं काही घातलं नाही, जे पाहिलं तेच बोलली. पण गवंड्याच्या बायकोने ऐकता ऐकता हंडा खाली ठेवला. तिची बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली. तिथे मागच्या वर्षी अशीच सभा झाली होती. साहेबांनी विचारलं, मुलांना मोठ्या, चांगल्या शाळेत शिकवायचंय ना? लोकांनी आनंदाने हात वर केले. कोण नाही म्हणेल? सुट्टी संपल्यावर पोरं दप्तरं घेऊन गेली तर शाळेला कुलूप. गावानेच हात वर केले म्हणाले, मोठी शाळा मागितली म्हणाले. आता पोरं गाडीने लांब जातात, आणि गाडी आठवड्यातून निम्मे दिवस येत नाही.

हंडा भरून वाहू लागला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. पारखिणीने मनात हिशोब केला. शाळा गेली तर पोरीची सातवीसुद्धा गेली.

गोष्ट गावभर झाली, आणि फिरत फिरत परत सुताराच्याच दारात आली. कशी, ते बघा. शाळा बंद करायचीय, हे नक्की झालं. मग शाळेचं सामान कोण बाहेर काढतंय? सुतार. फुकट काढतोय? कोणी फुकट काही करतं का? लाकूड त्यालाच मिळणार असेल. जुनं शिसवी लाकूड, आता कुठे मिळतं?

सुतार दळण घेऊन गेला तर गिरणीवाल्याने त्याचा डबा बाजूला सारला. मागून आलेल्यांची दळणं झाली, त्यांच्या मागून आलेल्यांचीही झाली. सुतार पिठाच्या धुरळ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी गिरणीवाल्याने पट्टा थांबवला आणि म्हणाला, आज बंद, उद्या ये. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "का मिस्त्री, उद्या आमची गिरणीही सोडवून नेणार का?"

लोक हसले. सुतारही कसंनुसं हसला. तसाच दाण्यांचा डबा खांद्यावर घेऊन घरी आला आणि चुलीजवळ आपटला. त्याचा चेहरा पडला होता. भांडण करणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी बायकोवर ओरडला. सगळं तुझ्या जिभेमुळे झालं म्हणाला. माझ्या बापाने केलेली बाकं मी विकून खाईन असं लोकांना वाटतंय. पोरगी कोपऱ्यात गणितं सोडवत होती, तिने वर पाहिलं नाही. नवऱ्याला चोर म्हटलेलं पारखिणीला सहन झालं नव्हतं, आणि ते आपल्यामुळे झालं हे त्याहून सहन होत नव्हतं.

पण तिने केलं काय? बाईंकडे गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ती गेली घरोघर. गवंड्याच्या, गिरणीवाल्याच्या, विहिरीकडच्या सगळ्या घरी. उन्हात पाय भाजत होते, तरी थांबली नाही. आमचा सुतार बाकं बाहेर ठेवतोय, सोमवारी परत लावणार, एक खिळासुद्धा घरी आणणार नाही, असं तिने पोरीची शपथ घेऊन सांगितलं. आणि मग म्हणाली, रविवारी सगळ्यांनी जायचं. नाही गेलो तर तेही त्यांच्याच पथ्यावर पडेल. जायचं, बसायचं, ऐकायचं. पण साहेबाने काहीही विचारलं, अगदी तुम्हाला पाऊस हवाय का असं विचारलं, तरी हात वर करायचा नाही. एकही नाही.

लोकांना हे पटलं. गिरणीवाल्याची बायको म्हणाली, बाई गं, तूच खरी पारखीण. त्याच संध्याकाळी सुताराचं दळण घरपोच आलं.

रविवारी अंगण भरलं. बाकं ओळीने मांडली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं त्यांच्यावर बसली होती, गुडघे फळीखाली मावत नव्हते म्हणून तिरकी. वारा गरम होता. मागच्या बाजूला सुतार हातात पाना घेऊन उभा होता, एखादं बाक डळमळलंच तर असावा म्हणून. पारखीण मधल्या रांगेत बसली होती, पोरगी पुढे मुलांच्यात.

साहेब तरुण होता. त्याच्या गळ्याशी घामाचा डाग वाढत चालला होता. तो बराच वेळ बोलला. जग बदलतंय, कामं बदलताहेत, नुसतं लिहिता वाचता येऊन आता भागणार नाही, उद्याचं शिक्षण आजच ठरवावं लागतं. शब्द चांगले होते. पण शब्द जितके चांगले, तितकी माणसं अंग चोरून बसत होती. गवंड्याने तर दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या आणि त्यांना राहवत नव्हतं, सारख्या लोकांकडे बघून हसत होत्या.

मग साहेबाने आत जाऊन दोन्ही रिकामे वर्ग पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला की, जागा पुरेशी आहे. मध्ये भिंत घातली की चार वर्ग होतात.

"तर सरळच विचारतो," तो म्हणाला. "या भागात एका गावाला आठवी ते दहावी मंजूर झाली आहे. बाईंनी तुमच्या गावासाठी खूप खटपट केली. नक्की होईपर्यंत बोलू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं, नाहीतर दहा गावं भांडायला येतात. पण गावाची इच्छा हवी. घरटी एक हात. ज्यांना दहावीपर्यंत शाळा इथे हवी आहे, त्यांनी हात वर करा."

पारखिणीला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. दहावीपर्यंत. इथे. टेप, रिकामे वर्ग, हो म्हणा, सगळं एका क्षणात सरळ झालं. आणि लगेच दुसरा विचार आला, की नदीपलीकडेही असंच गोड विचारलं होतं.

अंगणात एकही हात वर नव्हता. माणसं समोर बघत होती. काहींची नजर हळूच पारखिणीकडे वळत होती, कारण ठरवणारी तीच. गिरणीवाल्याच्या बायकोने तर तिच्याकडे बघून मान हलवली, बघ कसे सगळे ठरल्यासारखे बसलोय, अशी.

पुढे मुलांच्या घोळक्यात पोरीने मान वळवली. तिने काही खूण केली नाही. नुसती आईकडे बघत राहिली.

पारखिणीचा हात उठला. मांडीवरून सुटला, छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. शेजारच्या बाईने चमकून पाहिलं. मागच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. कालपर्यंत नवऱ्याला चोर ठरवणारे हेच लोक होते, आणि आता आपण एकटीने हात केला तर आपण विकले गेलो यात कोणाला शंका उरणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

साहेबाची नजर तिच्यावर थांबली. "बाई, तुमचा हात?"

"नाही," ती म्हणाली. "केस सारखे करत होते." आणि तिने खरोखरच केस सारखे केले. तोंड भाजल्यासारखं लाल झालं होतं.

साहेबाने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, ठीक आहे, जबरदस्ती नाही, मागणारी दुसरी गावं आहेत. पाणी पिऊन तो गाडीत बसला. मोठ्या बाई त्याच्या गाडीमागे फाटकापर्यंत चालत गेल्या आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, बराच वेळ.

सोमवारी सुतार आणि पारखीण बाकं परत लावत होती. नवे बोल्ट चटकन बसत होते, काढताना झाला तसा त्रास नव्हता. पोरगी वायसर हातात देत होती. मागितला की देत होती, एरवी बोलत नव्हती. गावातली माणसं मात्र येऊन येऊन बघून जात होती. प्रत्येक जण एखादं बाक हलवून बघायचा, हललं नाही की समाधानाने मान डोलवायचा. गिरणीवाला तर सुताराच्या पाठीवर थाप मारून गेला. बोललो त्याचं मनात धरू नको म्हणाला. आणि पारखिणीला म्हणाला, तू होतीस म्हणून शाळा वाचली.

दिवस कलताना ती बाईंच्या खोलीत गेली. आयुष्यात माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे दारातच अडखळली. सगळं सांगितलं, नळापासून केसांपर्यंत. बाई ऐकत होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या फक्त दमलेल्या दिसत होत्या.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तरी सांगायला हवं होतं." मग म्हणाल्या की उद्या सकाळी निम्मंअधिक गाव शहरात साहेबांच्या कचेरीवर जाऊन उभं राहिलं, तर अजून काही होऊ शकेल. परवा ही मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल.

पारखीण घरून हंडा घेऊन पळतच नळावर गेली. संध्याकाळची गर्दी होती. तिने हंडा खाली ठेवला नाही, रांगेतही लागली नाही. धापा टाकत सगळ्यांसमोर म्हणाली की आपलं चुकलं, माझं चुकलं. साहेब खरं बोलत होता. शाळा बंद होणार नव्हती, वाढणार होती. माझ्या पोरीला दहावीपर्यंत शिकायचंय, तुमच्याही पोरींना शिकता येईल. उद्या सकाळी सगळ्यांनी माझ्याबरोबर चला. मी पाया पडते तुमच्या.

बोलता बोलता ती रडायला लागली. तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नळाचं पाणी हंड्यात पडत होतं. कोणी तिच्या हातातला हंडा काढून घेतला, कोणी पाठीवरून हात फिरवला. मायेनेच, उगाच खोटं कशाला सांगा.

मग गवंड्याच्या बायकोने तिला जरा बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी काळजीने, हलक्या आवाजात विचारलं, "खरं सांग गं. तुला हे बोलायला कोणी लावलं?"

पारखिणीने तोंड उघडलं. कोणी नाही, म्हणाली. पुन्हा म्हणाली, कोणी नाही.

गवंड्याच्या बायकोने समजल्यासारखी मान हलवली, तिचा हात दाबला, आणि रांगेत परत जाऊन दुसऱ्या बाईच्या कानाशी लागली. हंडे पुढे सरकत राहिले. अंधार पडायच्या आत नळ मोकळा झाला होता.

सकाळी पहिल्या गाडीला गावातून दोघीच चढल्या, पारखीण आणि तिची पोरगी.